साडेतीनशे मीटर

मोपाच्या पठारावर
जानेवारीत बर्फ पडत नाही.
इथे फक्त पहाटे साडेपाचला
चांदेलच्या बाजूने धुकं वर चढतं,
परवानगी न घेता, कुंपणातून,
पूर्वी गुरं यायची तसं.

माझं काम मोजण्याचं.
यंत्रं आहेत, त्यांचे लाल डोळे आहेत,
पण नियम म्हणतो, माणसानेही बघावं.
म्हणून मी गच्चीवर उभी राहते, स्वेटरवर शाल,
आणि ओळखीच्या वस्तू शोधते.
वाऱ्याची पिशवी, दोनशे.
अग्निशमनची लाल गाडी, साडेतीनशे.
पाण्याची टाकी, आठशे.
त्यापलीकडे कुंपणाबाहेर उरलेली एक काजी,
बाराशे मीटर,
जी कुठल्याच तक्त्यात नाही
पण रोज मी आधी तीच बघते.

आज टाकी नाही.
लाल गाडी आहे,
की आहे हे ठाऊक असल्यामुळे दिसते?
मी डोळे मिटते, पुन्हा उघडते.
आहे.
भिजत घातलेल्या सोलांचा रंग.

खाली बाबुसो गावस पक्षी हाकलतो.
त्याची सतरा काजूची झाडं इथंच होती,
कुठलं झाड कुठल्या दिव्याखाली गेलं
ते तो अजून बोट ठेवून सांगतो.
आता अंगात कंत्राटदाराचं जाकीट,
हातात फटाक्यांची पिशवी.
टिटव्या दिसत नाहीत, तो आवाजावर फटाका टाकतो.
वॉकीटॉकीवर म्हणतो,
"आज धुंवर उठना गे बाय. मोहर करपतलो."
विमानाचं त्याला काही नाही.

विमान मात्र वर आहे.
दिल्लीच्या धुक्यात तीन तास अडकून सुटलेलं,
आता आमच्या धुक्यावर घिरट्या घालतंय.
दिसत नाही. ऐकू येतं,
दोन डोंगर पलीकडे गिरण चालू असावी तसं.

फोन. कंपनीचा माणूस, गोड बोलणारा.
"मॅडम, साडेपाचशे होतील का?
वीस मिनिटं थांबू शकतो अजून, मग नाही.
आणि एक बाई आहे आत, वारखंडची.
वडील गेलेत. दहाला उचलणार आहेत."

वारखंडची.
म्हणजे काल रात्री पलीकडच्या वाड्यावरून जे रडणं आलं
ते त्याच घरातलं.
सुहासिनी किनळेकर.
शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची,
तिच्या वेणीतली अबोली मी मोजायचे,
गणिताच्या तासाला.

मी पुन्हा बघते.
साडेतीनशे आणि साडेपाचशेच्या मध्ये
काय असतं?
दोनशे मीटर पांढरं.
पायलटला जेमतेम तीन सेकंद.

"साडेतीनशे," मी म्हणते.
"मॅडम, जरा नीट..."
"साडेतीनशे."
आणि वहीत लिहिते.
गारठ्याने पेनातून शाई उतरेना,
म्हणून तोच आकडा दोनदा गिरवते.

सात बावीसला गिरणीचा आवाज
बंगळूरच्या दिशेने बारीक होत गेला.

सात त्रेचाळीसला ऊन आलं.
आधी टाकी. मग टाकीची शिडी.
मग काजी, पान न् पान सुटं,
जणू सकाळभर ती तिथंच होती
आणि मीच कुठे गेले होते.
बाराशे. दोन हजार. पाच हजार.
मी आकडे देत गेले,
पलीकडून कुणीतरी "ओके, ओके" म्हणत राहिलं.

बाबुसो चहा घेऊन वर आला.
न बोलता मूठ उघडली,
तळव्यावर काळा पडलेला मोहर.
मग पेला माझ्या हातात दिला
आणि तळवा पँटला पुसला.

अकराच्या सुमारास
वारखंडच्या बाजूला धूर दिसला.
वहीत धुरासाठीही एक रकाना असतो.
धूर, सरळ वर जाणारा.
अंतर अंदाजे चार किलोमीटर.
स्पष्ट.